डीजे नावाचा माणूस

देहूरोडमध्ये ‘डीजे’ हा शब्द सहसा माणसासाठी वापरला जात नाही. ‘डीजे आला’ म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत आली. मूळ शब्द तबकड्या वाजवणाऱ्या माणसाचा. मराठीत त्यातला माणूस गळाला आणि यंत्र उरले. बातम्यांतही डीजे जप्त होतो, डीजेवर बंदी येते. ज्या संगीतावर गावेच्या गावे नाचतात, त्याचा कर्ता भाषेतूनच नाहीसा व्हावा, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. क्रेटेक्स या नावाने हाउस संगीत करणारे कृणाल घोरपडे यांच्या कामाकडे मी या प्रश्नाच्या अंगाने पाहतो. आपल्या संगीताला त्यांनी ‘एम-हाउस’, म्हणजे मराठी हाउस, असे नाव दिले आहे.

हाउसचा जन्म शिकागोतला. 1977 मध्ये फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कहून तिथल्या ‘वेअरहाउस’ या क्लबात आले. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी. इतरत्र ज्यांना दार बंद असे ते. 12 जुलै 1979 रोजी त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. ज्या संगीताची अशी जाहीर होळी झाली, त्याच्याच अवशेषांतून ड्रम-मशीनच्या साथीने हाउस उभे राहिले: मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, प्रत्येक मात्रेवर सारख्या वजनाचा खर्ज. ‘हाउस’ हे नाव त्या क्लबावरून पडले, अशी सर्वमान्य समजूत आहे.

आपल्याकडे या ध्वनीच्या जवळ एक माणूस फार लवकर पोचला होता. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वादक असलेल्या चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही त्याच 303च्या आवाजावर उभी असलेली तबकडी 1987 ची. सिंग यांची तबकडी मात्र विस्मरणात गेली. 2010 मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा जगाला तिचे नवल वाटले. 2015 मध्ये ते वारले. यंत्र आणि प्रतिभा दोन्ही होती. त्या रागांवर नाचणारा समाज नव्हता.

क्रेटेक्स यांची परिस्थिती उलटी आहे. नाचणारा समाज तयार होता, त्याला आपल्या बोलीचे हाउस नव्हते. 2024 मध्ये श्रेयस सागवेकर यांच्यासह केलेले ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले आणि रील्समधून ते घराघरांत पोचले. त्याच्या यशाचे श्रेय अनेकांनी परदेशी कंपनीला दिले. मला ते शीर्षकातच दिसते. लिहिताना शब्द तीन-तीन अक्षरांचे. उच्चारात मधला अकार गळतो आणि उरते तांब्-डी, चाम्-डी. चारही अवयव जड, छंदशास्त्राच्या भाषेत गुरू. हाउसच्या एका आवर्तनातही चारच ठोके. त्यात ‘चामडी’तला ‘च’ दंततालव्य, चमच्यातल्यासारखा. ड्रम-मशीनमधली बारीक झांज नेमका तसाच ‘त्स’ आवाज करते. इथे मराठी ही वरून भुरभुरलेली कोथिंबीर नाही. तालवाद्याचे काम ती स्वतः करते.

अर्थाचेही तसेच. कातडीचा तांबूस रंग उन्हात मिरवणारे हे गाणे आहे आणि ते अशा देशातले आहे, जिथे एका प्रसिद्ध क्रीमला आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द वगळायला 2020 साल उजाडले. गाणे याबद्दल भाषण करत नाही. नाचणाऱ्याच्या तोंडी तो रंग अभिमानाने येतो, एवढे पुरते.

मर्यादाही इथेच दिसते. कोळीगीत असो की मिरवणुकीतला ढोल, आपल्या नाचाचा बराचसा जीव सहा मात्रांच्या झोक्यात आहे. हाउसचा ठोका चौकोनी. एम-हाउसचे मराठीपण आजवर जिभेत आहे, पायांत अजून आलेले नाही. शब्द काढून नुसता ठेका ऐकवला, तर तो कोणत्याही शहराचा वाटू शकतो. शिवाय रीलच्या अर्ध्या मिनिटात गाण्याची पकड पोचते, रचना पोचत नाही. हाउस हे मुळात दीर्घ श्वासाचे संगीत आहे; ठेक्याची पुनरावृत्ती हळूहळू अंगात मुरवणारे. दिंडीतला माणूस टाळाच्या एकाच ठेक्यावर कोसभर चालतो, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

देहूरोडला हे दोन्ही ठेके माहीत आहेत. तुकोबांची पालखी इथूनच आकुर्डीकडे जाते. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. 14 एप्रिलला जुनी भीमगीते नव्या ठेक्यात वाजतात. मूळ गायकाचे नाव सर्वांना ठाऊक असते. ते गाणे रात्र रात्र जागून संगणकावर नव्याने बांधणाऱ्या पोराचे नाव फार तर सुरुवातीला एका घोषणेत ऐकू येते आणि खर्जात बुडून जाते. आवाजाच्या त्रासाबद्दलची तक्रार खरी आहे, ती मी खोडत नाही. पण तक्रारीपलीकडे या संगीताविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. टीकेचा विषय व्हायला आधी कर्ता असावा लागतो.

क्रेटेक्स यांच्या कारकिर्दीचे मोल मी इथे मानतो. त्यांनी ठोका शोधला नाही, तो शिकागोचा. त्यांनी ‘डीजे’ या मराठी शब्दात माणूस परत आणला: नाव असलेला, चाली निवडणारा, म्हणून ज्याच्या निवडीवर वाद घालता येतो असा. आता समीक्षेने हा मान एका नावाशी थांबवू नये. गाडीवरच्या भिंतीमागे बसून भीमगीत बांधणाऱ्यालाही तेच प्रश्न विचारावेत: हा ठेका का, ही चाल इथेच का तोडली? सहा मात्रांचा झोका चार ठोक्यांत बसवण्याचे कोडे कदाचित त्यानेच आधी सोडवले असेल.