संशयितांच्या यादीत स्वतःचे नाव

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीतील एका शाळेच्या विज्ञान शिबिरात मी मुलांना एक जुना चित्रपट दाखवला. राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेला आणि गुरुदत्त यांनी निर्मिलेला ‘सी.आय.डी.’ (१९५६). नाव ऐकताच मुलांच्या डोळ्यांपुढे आले ते दूरचित्रवाणी मालिकेतील शिवाजी साटम आणि दार तोडणारा दया! पडद्यावर कृष्णधवल देव आनंद अवतरला तेव्हा थोडी चुळबुळ झाली. पण लवकरच मुले आणि ठाणे-कल्याणहून आलेले शिक्षक असे सगळेच गप्प होऊन पाहू लागले.

कथा थोडक्यात अशी. मुंबईत एका वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो. तपास इन्स्पेक्टर शेखरकडे (देव आनंद) येतो. एका खिसेकापूच्या (जॉनी वॉकर) साक्षीमुळे शेरसिंग नावाचा मारेकरी हाती लागतो. त्याच्यामागचा सूत्रधार आता सापडणार, इतक्यात शेरसिंग कोठडीतच मरतो आणि संशय येतो तो खुद्द शेखरवर. कालचा शोधणारा आज फरारी होतो.

चित्रपट संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, शेखरनं मारलं नाही हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच्या साहेबांना ते कसं माहीत असणार?”

या चित्रपटाचे मर्म आणि त्याची उणीव, दोन्ही या एका प्रश्नात आहेत.

आपण शेखरला निर्दोष का मानतो? एक तर कॅमेरा त्याच्या बाजूने आहे. दुसरे म्हणजे तो देव आनंद आहे. उलट त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची भूमिका के. एन. सिंग यांनी केली आहे. खलनायक म्हणून गाजलेला हा नट येथे सरळमार्गी पोलीस अधिकारी आहे. तरी आमच्यातील वयस्कर शिक्षक बराच वेळ त्याच्याकडेच संशयाने पाहत होते! चेहरा हा पुरावा नव्हे, हे आपण मुलांना सांगतो. या नटनिवडीने ते आपल्यालाच शिकवले.

चित्रपटाचे मोठेपण असे की हा अधिकारी शेखरला पाठीशी घालत नाही. त्याची स्वतःची मुलगी शेखरवर प्रेम करते, तरीही नाही. शेरसिंग शेखरच्या ताब्यात होता, म्हणून पहिला प्रश्न शेखरलाच. यात शेखरचा अपमान नाही, ही तपासाची रीत आहे. आणि विज्ञानाचीही.

मला हे उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी मी खाडीच्या पाण्यातील जस्ताचे प्रमाण मोजत होते. आकडे चांगलेच मोठे येत होते. कोणत्या कारखान्याकडे बोट दाखवायचे, हेही मी मनाशी ठरवून टाकले होते. मग एका सहकाऱ्याने ‘कोरा नमुना’ लावायला सांगितले. म्हणजे खाडीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी घ्यायचे आणि बाकी सारी कृती तशीच करायची. शुद्ध पाण्यातही जस्त निघाले! ते येत होते माझ्या हातमोज्यांवरील पावडरीतून. गुन्हेगार माझ्याच हातावर होता. तो कोरा नमुना लावला नसता, तर एका निरपराध कारखान्यावर मी शास्त्रीय भाषेत आरोप केला असता.

याहून मोठी फसगत जर्मनीत झाली. २००७ साली हाइलब्रॉन येथे एका महिला पोलिसाचा खून झाला. तेथे मिळालेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील चाळीसएक ठिकाणच्या नमुन्यांशी जुळला. त्या ‘अदृश्य’ गुन्हेगार स्त्रीचा दोन वर्षे कसून शोध चालला. २००९ मध्ये उलगडा झाला. तो डीएनए होता नमुने टिपण्याचे कापसाचे बोळे बांधणाऱ्या कारखान्यातील एका कामगार स्त्रीचा! बोळे निर्जंतुक होते. पण निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, डीएनए नष्ट होतोच असे नाही. सगळे जग संशयित होते. फक्त पोलिसांच्या हातातला बोळा तेवढा संशयापलीकडे होता.

आता चित्रपटाची उणीव. शेरसिंगच्या मृत्यूवर तो फारसा थांबतच नाही. कोठडीची किल्ली कोणाकडे होती? शेरसिंगला जिवंत असे शेवटचे कोणी पाहिले? अंगावरच्या जखमा किती तासांपूर्वीच्या? शवविच्छेदनाने यांतील काही उत्तरे तरी मिळाली असती. त्याऐवजी पाठलाग, खलनायकाच्या टोळीतील कामिनीचे (वहिदा रेहमान) मनपरिवर्तन आणि सूत्रधाराला अटक. शिवाय संशयित स्वतःच स्वतःच्या खटल्याचा तपास करतो! पडद्यावर हे रोमांचक वाटते. पण आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्याचा हा प्रकार आहे. शेखर खरोखर दोषी असता, तर या पद्धतीने ते कधी कळले असते का?

समाजाने मात्र या प्रश्नाचे उत्तर हळूहळू घडवले आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली नियम घालून दिले : अटकेची लेखी नोंद साक्षीदारासमोर व्हावी, ताब्यातील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. २००५ च्या कायदादुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिली. २०२० साली पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. हे सारे पोलिसांचे ‘कोरे नमुने’च आहेत. त्यांची गरज आपल्याला परकी नाही. २०२१ मध्ये मुंब्र्याच्या खाडीत ठाण्यातील एका व्यावसायिकाचा मृतदेह सापडला. त्याच्याशी निगडित स्फोटकांच्या प्रकरणाचा आरंभी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यालाच पुढे अटक झाली. दोष कोणाचा हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. पण तपास दुसऱ्या यंत्रणेकडे गेला, हे तत्त्वाला धरूनच झाले.

शिक्षकमित्रांनी हा चित्रपट वर्गात अवश्य दाखवावा. शेरसिंगच्या मृत्यूशी तो थांबवावा आणि शेखरचे नाव वगळण्यासाठी कोणता पुरावा लागेल, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. ‘तो चांगला आहे’ हे उत्तर चालणार नाही. पुढच्या प्रयोगाच्या तासाला, उत्तर चुकले की मुले उपकरणाला दोष देतील तेव्हा, तीच यादी पुन्हा काढावी. मात्र तिच्यात सर्वांत वर प्रयोग करणाऱ्याचे नाव लिहावे. आणि प्रयोग शिक्षकांनी करून दाखवला असेल, तर शिक्षकांचे.