सार्वजनिक भिंतींवरील चित्रें व त्यांची पुष्पिका

हस्तलिखित पोथी हातीं आली कीं जाणता संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पान पाहतो. मंगलाचरण कितीही सुरेख असो, पोथीची साक्ष ठरते ती पुष्पिकेवरून. कोणत्या शकांत, कोणत्या गांवीं, कोणासाठीं, कोणत्या मूळ प्रतीवरून व कोणाच्या हातून ती लिहिली गेली, हें तेथें कळतें. पुष्पिका नसलेली पोथी टाकाऊ होत नाहीं. परंतु तिचा आधार घेतांना पदोपदीं अनुमानाची काठी टेकावी लागते. हीच कसोटी आज आम्ही एका निराळ्या लेखनास लावून पाहणार आहों. तें लेखन म्हणजे आपल्या गांवोगांवच्या सार्वजनिक भिंतींवर लोकांच्या पैशानें काढलेलीं चित्रें.

या चित्रांचा सुकाळ अलीकडचा आहे. २ ऑक्टोबर २०१४ रोजीं स्वच्छ भारत अभियान सुरू झालें. २०१६ पासून शहरांचें स्वच्छ सर्वेक्षण होऊं लागलें. पहिल्या वर्षी त्यांत ७३ शहरें होतीं. २०१८ सालीं ती संख्या चार हजारांवर गेली आणि लहान नगरपरिषदाही या चढाओढींत उतरल्या. पुढें २ ऑक्टोबर २०२० पासून राज्य शासनानें पंचमहाभूतांच्या आधारें ‘माझी वसुंधरा’ अभियान मांडलें. त्यामुळें शाळांचीं कुंपणें, दवाखान्यांच्या भिंती, चौकांतील कठडे रंगूं लागले. इंदापूर व बारामती हीं गांवें या सर्वसाधारण चालीस अपवाद नाहींत.

या उद्योगांत गुण नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या कोपऱ्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडत, तेथें देवाचें वा वृक्षाचें चित्र आलें कीं हात आणि तोंड दोन्ही आवरतात. वाचतां न येणाऱ्यासही चित्र कळतें. गांवच्या पैशांतील कांहीं भाग गांवच्या शोभेकडे जावा, हें आमच्या पूर्वजांसही मान्य होतें. चित्रें काढावींत कीं नाहीं, हा आमचा वादविषयच नाहीं. तीं कशीं काढलीं जातात आणि त्यांची काय नोंद राहते, एवढाच प्रश्न आहे.

पहिला दोष एकसारखेपणाचा. ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे, दोन तळहातांत धरलेली पृथ्वी, एक हिरवें झाड, खालीं घोषवाक्य: हा नमुना भीमेच्या कांठीं जसा, तसाच वर्धेच्या कांठीं. मूळ प्रत एकच असून नकला सहस्र, अशी ही स्थिति आहे. वस्तुतः इंदापूर परगण्यास विषयांचें दारिद्र्य नाहीं. मालोजीराजे भोसल्यांचें नांव या कसब्याशीं जोडलेलें आहे. चांदशाहवलीचा दर्गा गांवांत आहे. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम येथें पडतो. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. उजनीच्या पाण्याखालीं गेलेलें पळसदेवचें प्राचीन मंदिर पाणी ओसरलें कीं डोकें वर काढतें, आणि त्याच पाण्यावर भिगवणास रोहित पक्षी उतरतात. शेजारीं बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांचा वाडा आहे आणि मोरोपंतांचें वास्तव्य तेथेंच झालें. एवढें असतां भिंतीवर परगांवचा छापील नमुना उतरवावा, हें घरांत धान्य असून भिक्षेस निघण्यासारखें आहे.

दुसरा दोष आमच्या वाचकांस अधिक जाणवेल. भिंतीवर ऐतिहासिक पुरुषाचें चित्र आलें कीं पाहणारा तें प्रमाण मानतो. पण चित्रकारानें तें कशावरून घेतलें हें कोठेंही लिहिलेलें नसतें. याचा परिणाम काय होतो याचें मोठें उदाहरण आपल्या इतिहासांतच आहे. शिवछत्रपतींचें म्हणून बरींच वर्षें जें एक चित्र प्रचारांत होतें, तें वस्तुतः इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच पुरुषाचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं डच साधनांतील चित्र शोधून १९३३ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां हा भ्रम फिटला. चुकीचें चित्र चाललें, कारण त्याची मूळ प्रत कोणी विचारली नाहीं; बरोबर चित्र टिकलें, कारण त्याच्यामागें साधनाचा आधार दाखवितां आला. मालोजीराजांविषयीं तर अधिकच जपावें लागेल. ते इंदापूरच्या लढाईंत पडले अशी परंपरा आहे; परंतु त्या सालाविषयीं अभ्यासकांचें एकमत नसून दोन पक्षांत वर्षानुवर्षांचें अंतर आहे. रंगाऱ्यानें भिंतीवर ठळक आंकड्यांत एक साल घातलें कीं तो वाद शाळकरी मुलांपुरता कायमचा मिटला असें समजावें. कागदावरील चूक पुढील आवृत्तींत सुधारतां येते. भिंतीवरील चूक रोज हजारों डोळे पाठ करितात.

आतां पूर्वीची चाल पाहूं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत वाकाटक हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. लेणें कोणी करविलें हें त्यावरून आजही निश्चित सांगतां येतें. चित्रें काढणाऱ्या हातांचीं नांवें मात्र तेथें नाहींत, आणि ती उणीव आजही खटकते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि १७३२ सालीं वास्तुशांत झाली. त्या बांधकामास १६,११० रुपये लागले, हा आंकडा आपल्यापर्यंत आला आहे. पुढें नानासाहेब पेशव्यांच्या काळीं तेथील महालांत चित्रें काढणारा जयपूरचा भोजराज, हेंही नांव राहिलें आहे. १८२८ च्या आगींत महाल जळाले. दिल्ली दरवाज्याच्या आंतील बाजूस कांहीं चित्रांचे अवशेष तेवढे उरले. चित्रें राख झालीं तरी चितारी नांवानें उरला, तो नोंदीच्या बळावर. याच्या उलट मेणवलीचें पाहावें. नाना फडणिसांच्या वाड्यांतील दफ्तर संशोधकांनीं मोठ्या आस्थेनें हातीं घेतलें व त्यावर ग्रंथ झाले. त्याच वाड्याच्या भिंतींवरील चित्रांस तेवढा मान मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. भिंत हेंही दफ्तरच आहे, ही जाणीव आपल्या विद्येंत उशिरां आली.

शास्त्रकारांनीं भिंतीचा विचार चित्राच्या आधीं केला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रांत विटांची पूड, माती, चुना, गुग्गुळ इत्यादींच्या लेपाचें विधान आहे; चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत म्हशीच्या कातड्यापासून केलेला वज्रलेप सांगितला आहे. लेप वाळावा, भिंत गुळगुळीत व्हावी, मग रेघ ओढावी, असा तो क्रम. आज ओलसर भिंतीवर डब्यांतील रंग चढतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चित्र अल्पायुषी आहे म्हणूनच त्याची नोंद दीर्घायुषी असली पाहिजे. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, जुन्या चुनेगच्ची भिंतीवर वा कोरीव दगडावर तैलरंग फासल्यास आंतील दमट हवेस वाट राहत नाहीं; क्षार फुलतात व दगडाचे पोपडे निघतात. एखादा वीरगळ किंवा पुसट शिलालेख रंगाखालीं गेला तर तो वाचण्याची संधीच बुडते. जुन्या बांधकामास रंगाचा हात लावण्यापूर्वीं जाणत्याकडून तें तपासून घ्यावें आणि शंका असल्यास तें सोडून द्यावें, हा नियम नगरपरिषदांनीं पाळलाच पाहिजे.

चित्राचा विषय कोणी ठरवावा, हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३४ ते १९४३ या काळांत सरकारच्या कोषागार-खात्यानें गांवोगांवच्या टपाल-कचेऱ्यांत भित्तिचित्रें करविलीं. चित्रकारानें त्या गांवची माहिती करून घ्यावी अशी अपेक्षा होती. गांवकऱ्यांनीं हरकती घेतल्या, कांहीं ठिकाणीं आराखडे बदलले, आणि तो पत्रव्यवहार तेथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत जपलेला आहे. आज अभ्यासकांस तीं चित्रें जितकीं उपयोगी पडतात, तितकींच तीं पत्रेंही. आपल्याकडे उजनीच्या पाण्यानें उठविलेल्या गांवांतील वृद्ध माणसें अजून आहेत. त्यांच्या जुन्या गांवाचें चित्र भिंतीवर यावयाचें झाल्यास वेस कोठें होती, घाट कोठें होता, हें त्यांच्याच तोंडून घेतलें पाहिजे. तें कथन लिहून ठेवलें तर रंग उडाल्यावरही एक साधन हातीं राहील. लोकांस विचारणें हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. ती साधनसंग्रहाचीच एक रीत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, भिंतीवरील चित्र रांगोळीसारखें. आज आहे, उद्यां नाहीं. त्यास एवढी यातायात कशाला? उत्तर सोपें आहे. रांगोळी घरधनीण आपल्या दारांत आपल्या पिठानें घालते. सार्वजनिक भिंत व तिचा खर्च सर्वांचा असतो. शिवाय पेशवे दफ्तरांतील ज्या रोजकीर्दींवर आपण आज इतिहास रचतों, त्या लिहिणाऱ्या कारकुनासही तेलाचा आणि रंगाचा तो खर्च क्षुल्लकच वाटला असेल.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक सार्वजनिक चित्राखालीं हातभर जागा राखून त्यांत पुष्पिका लिहावी. तिच्यांत शक व इसवी सन, भिंतीचें ठिकाण व मोजमाप, नगरपरिषदेच्या ठरावाचा क्रमांक, खर्चाची रक्कम, चित्र काढणाऱ्यांचीं नांवें, विषय सुचविणाऱ्यांचा उल्लेख, आणि ऐतिहासिक चित्र असल्यास त्याचा आधार, इतकीं कलमें असावींत. हीच नोंद छायाचित्रासह कचेरीच्या वहींत जावी. कचेरीनें टाळाटाळ केल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें खर्चाचे कागद मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहेच.

संग्राहकांस आमची विनंति याहून लहान आहे. पोथ्यांच्या शोधांत आपण गांवोगांव हिंडतांच. जातांयेतां भिंतीही पाहाव्या. चित्र दिसल्यास त्याचें छायाचित्र, तारीख व शेजाऱ्यांनीं सांगितलेली हकीकत टिपून आपल्या बाडांत ठेवावी. नगरपरिषदा पुष्पिका लिहूं लागेपर्यंत ती दुसऱ्या हातानें तरी लिहिली गेली पाहिजे. आणि तें काम पुढच्या पावसाळ्याच्या आंत झालें पाहिजे.