रितेपणा आणि लोप : वाळवंटी उद्यानाच्या रचनेविषयी

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ साली 'झेरिस्केप' हा शब्द प्रचारात आणला. ग्रीक भाषेत 'झेरोस' म्हणजे कोरडा. त्याला भूदृश्यवाचक इंग्रजी शब्दाचे उत्तरांग जोडून अल्प पाण्यावर जगणाऱ्या उद्यानाची ही संज्ञा सिद्ध झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती पुष्कळदा 'झिरोस्केप' अशी येऊ लागली. अपरिचित पदाच्या जागी ध्वनीने जवळचे परिचित पद बसवण्याच्या या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. बहुधा अशा बदलाने उच्चार तेवढा बदलतो. येथे कल्पनाही बदलली. कोरडे उद्यान म्हणजे शून्य उद्यान. खडी पसरावी, मध्ये एक निवडुंग लावावा, बाजूस एक मोठा दगड ठेवावा, की आधुनिक व अल्पसाधनी वाळवंटी उद्यान सिद्ध झाले, अशी ती समजूत होय. रचनेतील रितेपणाला अर्थ केव्हा येतो आणि तो नुसता अभाव केव्हा ठरतो, या प्रश्नाचा विचार केल्यावाचून या समजुतीचे परीक्षण होऊ शकत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार उद्यानशास्त्रात नव्हे, तर व्याकरणात झालेला आहे. पाणिनीने लोपाची व्याख्या 'न दिसणे' अशी केली, 'नसणे' अशी नव्हे. आणि जे प्राप्त होते त्याचेच न दिसणे हा लोप, असा खुलासा टीकाकारांनी केला. शिवाय प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य शिल्लक राहते, अशीही व्यवस्था अष्टाध्यायीत आहे. मराठीतील एक साधे उदाहरण पुरेसे होईल. 'घोडा' या शब्दाचे अनेकवचन 'घोडे' होते. 'दगड' या शब्दाचे अनेकवचन 'दगड' असेच राहते. तरीही 'दगड पडला' आणि 'दगड पडले' यांत कोणाचा घोटाळा होत नाही. नामात न दिसलेले अनेकवचन क्रियापदात उमटते. 'घोडे' सारखी रूपे भाषेत आहेत म्हणूनच 'दगड' या रूपातील शून्य अर्थपूर्ण आहे, आणि त्या शून्याचे कार्य शेजारच्या पदावर दिसते म्हणूनच ते ओळखता येते. ही दोन लक्षणे नसतील तेथे लोप नसतो. तेथे केवळ काही नसते.

वाळवंटाकडे या दृष्टीने पाहिले असता असे आढळते की, तेथील लोप पावलेला घटक पाणी हा होय. ते बहुतेक काळ दिसत नाही. परंतु जे जे दिसते त्यावर त्याचेच कार्य उमटलेले असते. अ‍ॅरिझोना आणि मेक्सिको यांमध्ये पसरलेल्या सोनोरा वाळवंटात सग्वारो नावाचा प्रचंड निवडुंग वाढतो. त्याच्या खोडावरील उभ्या चुण्या पावसानंतर फुगतात आणि कोरड्या महिन्यांत पुन्हा आकसतात. निवडुंगांची पाने काट्यांच्या रूपाने उरली आहेत, तीही पाणी राखण्यासाठीच. क्रिओसोट नावाच्या झुडुपांमधील मोकळी जागा पाहणाऱ्यास कोणी मोजून आखल्यासारखी भासते. परंतु त्या जागेखाली मुळांची पाण्यासाठी स्पर्धा चाललेली असते. म्हणजे वाळवंटातील मोकळी जागा रिकामी नसून व्यापलेली असते. एकाकी म्हणून चित्रांतून परिचित झालेला सग्वारोसुद्धा बालपणी एकाकी नसतो. त्याचे रोप बहुधा पालो वर्दे अथवा तत्सम एखाद्या झाडाच्या सावलीत उन्हापासून आणि थंडीपासून वाचते. खडीच्या पटांगणात एकटा निवडुंग उभा करणारा रचनाकार वाळवंटाचे अनुकरण करीत नाही. तो वाळवंटाच्या वाक्यातून एक शब्द उचलतो आणि त्यालाच वाक्य समजतो.

या कसोटीवर प्रथम घ्यावयाची कलाकृती म्हणजे इसामू नोगुची या शिल्पकाराने कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे १९८० ते १९८२ या काळात रचलेले 'कॅलिफोर्निया सिनॅरिओ' हे उद्यान. क्षेत्र सुमारे १.६ एकर, एका बाजूस काचेच्या कार्यालयीन इमारती, दुसऱ्या बाजूस मोटारतळांच्या कोऱ्या पांढऱ्या भिंती. दगडी फरसबंदीच्या विस्तीर्ण पटावर मोजके घटक दूर दूर मांडलेले आहेत. एका उंच त्रिकोणी दगडी रचनेतून पाणी उतरते, वाकड्यातिकड्या ओहोळातून वाहत जाते आणि एका ठेंगण्या पिरॅमिडाकृती रचनेखाली नाहीसे होते. पहिल्या रचनेचे नाव 'जलस्रोत' अशा अर्थाचे, तर दुसरीचे 'जलवापर' अशा अर्थाचे आहे. ओहोळापासून वेगळा असा एक वर्तुळाकार उंचवटा आहे. त्यावर निवडुंगादी वाळवंटी वनस्पती आहेत. 'वाळवंटी भूमी' ती हीच.

या उद्यानाचे सामर्थ्य त्याच्या घटकांहून घटकांमधील अंतरांत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. कॅलिफोर्नियाचा आधुनिक इतिहास हा बव्हंशी दूरचे पाणी कोरड्या भूमीवर आणण्याचा इतिहास आहे. तो येथे एका उगमात, एका प्रवाहात आणि एका अंतर्धानात सांगितलेला आहे. ज्या भूमीवर हे उद्यान उभे आहे तेथे पूर्वी लिमा जातीच्या शेंगांची शेती होती आणि उद्यान करवून घेणारे सेगरस्ट्रॉम घराणे ते पीक घेत असे. शेत गेले, परंतु एकमेकांत चपखल बसवलेल्या १५ ग्रॅनाइट शिळांचे एक शिल्प तेथे ठेवलेले आहे आणि नोगुचीने त्याला त्या शेंगेच्या दाण्याचेच नाव दिले. भोवतालच्या काच-सिमेंटामध्ये त्या शिळा शेताची प्रतिमा दाखवीत नाहीत. तरी शेताचे कार्य त्या पुढे चालवतात. वर सांगितलेल्या अर्थाने हा खरा लोप आहे.

परंतु 'वाळवंटी भूमी' या घटकाविषयी असे म्हणता येत नाही. तेथील वनस्पती खऱ्या आहेत, तथापि त्यांच्यामधील अंतर मुळांनी ठरवलेले नाही. ते शिल्पकाराच्या डोळ्याने ठरवलेले आहे. वर्तुळाच्या कडेने वाळवंट जणू अवतरणचिन्हांत घातले गेले आहे. अवतरणात शब्द राहतो, पण त्याचा वाक्याशी असलेला अन्वय तुटतो. संपूर्ण उद्यान हे एक रूपक आहे आणि रूपकात वाळवंटाची खूण पुरे, असे नोगुचीच्या बाजूने म्हणता येईल व ते रास्तही आहे. प्रश्न उरतो तो अनुकर्त्यांचा. रूपकाचा उर्वरित भाग सोडून केवळ हा उंचवटा उचलला, तर हाती 'झिरोस्केप'च येते.

वाळवंटाला रिकामे समजण्याचा परिणाम काय होतो, हे नोगुचीला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. १९४२ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांना स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या या शिल्पकारावर तशी सक्ती नसतानाही तो अ‍ॅरिझोनातील पोस्टन येथील छावणीत स्वेच्छेने दाखल झाला. तेथील वस्तीसाठी त्याने उद्याने आणि क्रीडास्थाने यांचे आराखडे केले. ते प्रत्यक्षात आले नाहीत आणि काही महिन्यांनी तो बाहेर पडला. ती छावणी कोलोरॅडो नदीकाठच्या मूळ जमातींच्या राखीव भूमीवर, त्यांच्या समितीचा विरोध असताना उभारलेली होती. इंग्रजीतील वाळवंटवाचक शब्द 'सोडून देणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. ज्याला टाकून दिलेली भूमी म्हणायचे तेथे माणसेही टाकून देता येतात, असा त्या शब्दाचा जणू शासकीय अर्थ लावला गेला. तेथे राहणाऱ्यांना मात्र ती भूमी कधीच रिकामी वाटली नव्हती.

दुसरे उदाहरण जोधपूरचे आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर क्षेत्रावर असलेल्या 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क'चे काम २००६ साली सुरू झाले आणि २०११ साली ते लोकांसाठी खुले झाले. वृक्षांविषयी लेखन करणारे प्रदीप कृष्ण हे या कामाचे सूत्रधार. येथील भूमी ज्वालामुखीजन्य ऱ्हायोलाइट खडकाची असून तीवर मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वेड्या बाभळीने कब्जा केलेला होता. वरून तोडली तर ही बाभूळ पुन्हा फुटते. तिचे मूळ खडकातून खणून काढावे लागते. ते काम खंडवालिया या पिढीजात खाणकामगारांनी छिन्नी-हातोड्याने केले. हातोड्याच्या आवाजावरून खडकाची जात आणि फट ओळखणे हे त्यांचे कसब. मुळे काढल्यावर जे खड्डे झाले त्यांतच थोर, कुमट यांसारख्या खडकाळ मरुभूमीच्या वनस्पती लावण्यात आल्या.

येथे रचनाकाराने केलेली मुख्य कृती लावण्याची नसून काढण्याची आहे. तथापि हे काढणे उघडे पटांगण मिळावे म्हणून केलेले नाही. एका परक्या वनस्पतीने झाकलेला अन्वय पुन्हा दिसावा म्हणून ते केलेले आहे. कोणती वनस्पती कोठे उभी राहील हे पुष्कळ अंशी खडकातील फटींनी ठरवले आणि फटींत ओल किती टिकते यावर तिचे जगणे ठरले. उद्यानातील एक पायवाट खडकात कोरलेल्या जुन्या चरातून जाते. पावसाचे पाणी किल्ल्याजवळच्या तलावांकडे नेण्यासाठी तो चर होता. आज त्यात माणसे चालतात; पाणी दिसत नाही, पण पाऊल पाण्याच्याच उतारावर पडते.

हे पुनर्वसन झाले, रचना नव्हे, असा एक आक्षेप संभवतो. तो ग्राह्य धरता येत नाही. पायवाट कोठून न्यावी, काय उपटावे, काय राखावे, या निवडी रचनेच्याच होत. हस्तलिखितांतील प्रक्षेप काढून संहिता सिद्ध करणारा संपादक एकही ओळ स्वतःची घालत नाही. म्हणून त्याच्या कामाला कोणी निष्क्रियता म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खडकाळ टेकडी सर्वांना लाभत नाही, घराच्या आवारात अथवा कार्यालयासमोर काय करावे? त्याचे उत्तर असे की, जोधपूरचे अनुकरण करावयाचे ते वनस्पतींच्या यादीत नव्हे, क्रमात. पावसाचे पाणी जागेवर कोठून येते, कोठे थांबते, सावली कोणत्या प्रहरी कोठे पडते, हे प्रथम पाहावे; मग काय लावावयाचे ते ठरते, आणि काय मोकळे सोडावयाचे तेही त्यातूनच निघते.

हा प्रश्न आता केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. नेवाडा राज्याने २०२१ साली केलेल्या कायद्याने, एककुटुंबी घरे वगळता, दक्षिण नेवाडातील शोभेच्या हिरवळींना कोलोरॅडो नदीचे पाणी देणे २०२६ अखेरनंतर बंद करण्याचे ठरवले. हिरवळ काढणे योग्यच. परंतु तिच्या जागी सावलीवाचून खडी पसरली, तर ती दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडते. पाणी वाचते, पण जागा राहण्याजोगी उरत नाही. आणि अल्पसाधनी शैलीचे नाव घेऊन एका परक्या रचनेच्या जागी दुसरी परकी रचना येते. जेथे काहीच अपेक्षित नाही तेथे काही न ठेवणे ही शैली नव्हे.

संस्कृतातील 'मरु' शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने मरणवाचक धातूकडे नेली जाते. इंग्रजी शब्द त्यागाकडे जातो, हे वर आलेच आहे. मराठीने या अर्थी स्वीकारलेला शब्द 'वाळवंट' हा आहे, आणि तो भूगोलाच्या पुस्तकात जाण्यापूर्वीपासून नदीकाठचा आहे. पंढरपुरी चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे नदीने तात्पुरती मोकळी केलेली जागा. ते कोरडे असते तेव्हाही त्याचा आकार पाण्यानेच दिलेला असतो, आणि पाणी परत येणार हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. वाळवंटी उद्यान रचणाऱ्याने मरणाची आणि त्यागाची कल्पना बाजूस ठेवून हा तिसरा अर्थ मनात धरला, तर खडी किती आणि निवडुंग किती या प्रश्नाआधी तो पाण्याची वाट विचारील.