भूमिज शिखराची संगणकीय प्रतिकृती : ‘लॉफ्ट’ आज्ञेची चिकित्सा

मंदिरस्थापत्याच्या अभ्यासात संगणकीय आरेखन आता रूढ झाले आहे. प्रकल्प अहवालांतून मंदिरांच्या त्रिमित प्रतिकृती सादर होतात आणि दस्तऐवज म्हणून त्या स्वीकारल्याही जातात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रतनवाडी येथे असलेल्या अमृतेश्वर मंदिराचे शिखर समोर ठेवून प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

अमृतेश्वराचे शिखर भूमिज शैलीचे आहे. चार दिशांना चार उभ्या लता आणि त्यांच्यामधील भागांत वर वर लहान होत जाणाऱ्या कूटांच्या रांगा, ही या शैलीची खूण होय. असे शिखर संगणकावर उभारण्यासाठी अभ्यासक ‘लॉफ्ट’ या आज्ञेकडे वळतात. ऑटोकॅडमध्ये ती २००७ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. निरनिराळ्या उंचीवरचे आडवे छेद आणि एक वक्ररेषा दिली की घनाकृती तयार व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात आकृती कलते, पिळवटते किंवा तयारच होत नाही.

यातील दोष बहुधा वाचनाचा असतो. शिखराची कडेची वक्ररेषा, म्हणजे वेणुकोश, ‘पाथ’ म्हणून दिली जाते. शिखराचा कणा मात्र ओळंब्यात सरळ असतो; वक्रता आहे ती कडेला. म्हणून वेणुकोश ‘गाइड’ म्हणून द्यावयास हवा. अशी रेषा पहिल्या छेदावर सुरू होऊन, मधल्या प्रत्येक छेदाला मिळून, शेवटच्या छेदावर संपली पाहिजे; किंचित अंतर राहिले तरी आज्ञा फसते. पिळाचे कारण निराळे. खालच्या छेदात सर्व कोपरे काढलेले असतात, वरच्या छेदात कंटाळून निम्मे गाळलेले. किंवा एका छेदाचा आरंभबिंदू ईशान्येस तर दुसऱ्याचा आग्नेयेस. संगणक निमूटपणे बिंदूला बिंदू जोडतो. आमलकही याच लॉफ्टमध्ये ओढण्याचा मोह होतो. तो टाळून लॉफ्ट स्कंधापाशीच थांबवावा.

तथापि प्रस्तुत लेखकास अधिक चिंता वाटते ती यशस्वी लॉफ्टची. ‘लॉफ्ट’ हा शब्द जहाजबांधणीतून आला. प्रशस्त माळ्यावर नौकेच्या रेषा पूर्ण मापाने आखीत आणि पुढे सांगाड्यावर फळ्या वाकवून बसवीत. नौकेला सलग त्वचा असते. शिखर दगडांच्या आडव्या थरांनी रचलेले असते. भोजाचा ११व्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ भूमिज प्रासादांचा विचार करतो तोही भूमीगणिक. दोन छेदांमधील गुळगुळीत फुगवटा कोणी मोजलेला नसतो, तो ‘स्मूथ फिट’ या पर्यायाने कल्पिलेला असतो. त्यावरून वक्रतेचे प्रमाण काढून ते अमृतेश्वराचे म्हणून मांडणे म्हणजे सॉफ्टवेअरचे गणित मध्ययुगीन सूत्रधाराच्या नावावर खपविणे होय. उद्या एखादा निखळलेला दगड याच प्रतिकृतीवरून बसविला गेला, तर चूक कागदावर राहणार नाही.

लॉफ्ट वापरूच नये, असे नव्हे. तो केवळ बाह्य आवरण म्हणून वापरावा. प्रत्येक भूमीच्या सीमेवरचा छेद जागेवर मोजून घ्यावा आणि कूट त्या त्या भूमीच्या प्रमाणात स्वतंत्रपणे बसवावेत. एकच कूट सर्वत्र उमटविणे ही तर सर्रास आढळणारी चूक आहे. मोजलेले छेद एका लेयरमध्ये व अनुमानित पृष्ठभाग दुसऱ्या लेयरमध्ये ठेवावा. परीक्षकाने मौखिक परीक्षेत हा दुसरा लेयर बंद करावयास सांगावे आणि पडद्यावर किती छेद उरतात ते मोजावे.