गटाधिकारांची परीक्षा : एक चिकित्सा

आरे कॉलनीचा परिसर सलग दिसला, तरी त्यावरील सत्ता एक नाही. दुग्धवसाहत १९४९ सालची, शेजारची चित्रनगरी १९७७ ची. त्यातच २०२० मध्ये शासनाने सुमारे ८०० एकर भूमी वनासाठी राखण्याचे ठरविले. अशा ठिकाणी एकाच माणसाजवळ अनेक खात्यांचे परवाने असू शकतात, आणि काम सुटले म्हणजे ते सारे परत घ्यावे लागतात. युनिक्स प्रणालीतील प्रोसेसची स्थिती अशीच असते. तिला एक मुख्य गट असतो, शिवाय अनेक पूरक गट चिकटलेले असतात. फाइल उघडण्याचा अधिकार त्यांपैकी कोणत्याही गटामुळे मिळू शकतो.

पायथॉन भाषेच्या ३.९ या आवृत्तीत, २०२० साली, नव्या प्रोसेसला कोणते पूरक गट द्यावयाचे हे सांगण्याची सोय झाली. पुढे २०२३ च्या ३.१२.० या आवृत्तीत तीत एक चमत्कारिक दोष शिरला. यादीत एखादा गट लिहिला, तर व्यवहार बिनचूक होई. यादी रिकामी दिली, तर मात्र जुने गट काढून टाकण्याची आज्ञाच कर्नलकडे जात नसे. ‘काही देऊ नका’ याचा अर्थ ‘आहे ते राहू द्या’ असा झाला! रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोसेसचे गट तिच्या अपत्याकडे जसेच्या तसे गेले. ३.१२.१ मध्ये दुरुस्ती झाली.

असल्या चाचण्यांची अडचण मूळचीच आहे. गट बदलण्यास सामान्यतः रूटचा अधिकार लागतो. तो नसेल तेथे चाचणी वगळावी लागते, आणि वगळलेली चाचणी अहवालात अपयश म्हणून दिसत नाही. पर्ल भाषेची रीत निराळी आहे. भाषेने सांगितलेली गटांची यादी तेथे ‘आयडी’ या आज्ञेच्या उत्तराशी ताडून पाहतात. परंतु दोघांचाही साक्षीदार तोच कर्नल. उत्तरे जुळली म्हणजे वाचन बरोबर झाले, एवढेच सिद्ध होते. गट सोडण्याची परीक्षा त्यात होत नाही. (पर्लमध्ये पूरक गट काढून टाकावयाचे, तर मुख्य गटाचाच क्रमांक दोनदा लिहावा लागतो. नवशिक्याला हे सुचावे कसे?)

खरी कसोटी फाइलीच्या दाराशीच लागते. केवळ पूरक गटामुळे वाचता येईल अशी फाइल ठेवावी. प्रथम ती उघडते हे पाहावे, मग रिकामी यादी देऊन अपत्य सुरू करावे व त्याला नकार मिळतो की नाही ते तपासावे. मात्र त्या अपत्याचा वापरकर्ताही बदललेला असला पाहिजे. रूटला ते दार तसेही उघडेच असते.