गुंठ्याचा थर

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीच्या घरात किती पाणी आलं होतं, हे सांगताना आई आजही स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे बोट दाखवते. वरून दुसरा कप्पा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, हे आकडे मी नंतर पाठ केले. आईचं मोजमाप मला जास्त कळतं.

मी शिकलो सिव्हिल आणि नोकरी करतो पुण्यात, सॉफ्टवेअरची. (आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांची हीच गोष्ट आहे, त्यामुळे यात करुण काही नाही.) गेल्या वर्षापासून नगर आणि पर्यावरण नियोजनात मास्टर्स करायचं डोक्यात आहे. त्यासाठी गेटच्या 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग'च्या नोट्स चाळताना एक ओळ सतत भेटते: ओव्हरले पद्धत, इयन मॅकहार्ग, 'डिझाइन विथ नेचर', १९६९. जोड्या लावा प्रकारातला प्रश्न, एक मार्क. एका मार्कापुरतं नाव पाठ करायचा कंटाळा आला म्हणून मी अख्खं पुस्तक वाचलं. आधी प्रेमात पडलो, मग भांडण झालं.

प्रेमात पडायला कारणं भरपूर आहेत. मॅकहार्ग स्कॉटलंडचा, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकचा, आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक. लिहितो मात्र कीर्तनकारासारखा. मध्येच चिडतो, उपदेश करतो, एका परिच्छेदात वाळूचे कण आणि दुसऱ्यात अख्खी मानवजात. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं त्याचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. समुद्रालगतची वाळूची टेकडी, तिच्यामागचा खोलगट पट्टा, मग दुसरी टेकडी. प्रत्येकीचं काम काय, कुठे घर चालेल, कुठे पाऊलसुद्धा टाकू नये. मग १९६२च्या मार्चमधलं वादळ येतं आणि नको तिथे बांधलेली घरं घेऊन जातं. हे वाचताना मला न्यू जर्सी दिसलीच नाही. मला सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर दिसत होतं. पाणी चढायला लागलं की सांगलीच्या बातम्यांत ही नावं सगळ्यात आधी येतात.

पोटोमॅक नदीवरचं प्रकरण त्याहून मोलाचं. नियोजनाचं एकक नगरपालिकेची हद्द नाही, नदीचं खोरं आहे, असं तो म्हणतो. सांगलीकराला हे पटवायला पुस्तक लागत नाही. आमच्याकडे वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. म्हणजे आमचा पूर हा आमच्या पावसाचा नसतोच. तो महाबळेश्वरातून निघतो, संगम माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा घेत साताऱ्याचं पाणी सांगलीत आणतो. मधल्या धरणांतून कधी किती सोडायचं हा प्रश्न वेगळाच. आमचा विकास आराखडा मात्र महापालिकेच्या हद्दीवर येऊन थांबतो. कागदावर नदी हद्दीत शिरते आणि हद्दीतून बाहेर पडते, जणू तिला आगापिछा नाही.

गंमत म्हणजे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. मॅकहार्गच्या पुस्तकाला प्रस्तावना आहे लुइस ममफर्डची, आणि ममफर्डचा गुरू पॅट्रिक गेडिस, तोही स्कॉटिश. हा गेडिस १९१९पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचा प्रमुख होता. डोंगरापासून समुद्रापर्यंत दरीचा उभा छेद घ्यायचा आणि कुठल्या उंचीवर कोण काय काम करून जगतं ते मांडायचं, ही त्याची आवडती आकृती. पुस्तक मिटून मी वहीत महाबळेश्वर ते हरिपूर असा छेद काढून बघितला. स्ट्रॉबेरी, भात, ऊस, हळद, मग गणपती पेठेतली दुकानं. अर्ध्या तासात मला जे दिसलं ते चार वर्षांच्या डिग्रीत दिसलं नव्हतं.

आता भांडण.

मॅकहार्गची प्रसिद्ध पद्धत अशी. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर रस्ता न्यायचा आहे. तर उतार, खडक, निचरा, पूर, जंगल, ऐतिहासिक जागा अशा प्रत्येक गोष्टीचा एकेक पारदर्शक कागद करायचा. जिथे मोल जास्त तिथे रंग गडद. सगळे कागद एकमेकांवर ठेवले की जो पट्टा सर्वात फिकट उरतो, तिथून रस्ता. आज जीआयएसमध्ये आपण माउसने हेच करतो. रोज डेटाचे थर जोडून पोट भरणाऱ्या माणसाला ही पद्धत मोहात पाडणारच.

पण त्या कागदांत एक जमिनीच्या किमतीचा आहे आणि एक निवासी मोलाचा. भारी जमीन गडद, स्वस्त जमीन फिकट. फिकट म्हणजे 'इथून न्या'. मी या पानावर अडकलो. कारण सांगलीत फिकट पट्ट्यात कोण राहतं ते मला माहीत आहे. आम्ही राहतो.

नव्वदच्या दशकात पप्पांनी दीड गुंठा घेतला. एन.ए. नाही, मंजूर लेआउट नाही, साध्या कागदावरचा व्यवहार. सांगलीत अशा अख्ख्या वसाहती आहेत. त्यांच्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. 'गुंठेवारी' हा शब्द कायद्याच्या नावात आहे, पण मॅकहार्गच्या कुठल्याही कागदावर तो बसत नाही. स्वस्त जमीन आणि पुराची जमीन एकच का असते, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. पूर हा त्याच्यासाठी निसर्गाचा थर, किंमत हा बाजाराचा. एकाने दुसरा कसा घडतो, हे कागद एकमेकांवर ठेवून दिसत नाही.

दुसरी गोष्ट, त्याची नकाशावरची श्रद्धा. नीट नकाशा दाखवला की माणसं शहाणी होतील, हा या पुस्तकाचा पाया आहे. आमच्याकडे नकाशा आहे की! २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूररेषेतल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. रेषा होत्या आणि घरंही होती.

साताऱ्याच्या बाजूला याची उलट कथा आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. मॅकहार्ग खूश झाला असता असा नकाशा. पण माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटाच्या कामात याच भागाचा अनुभव धडा म्हणून मांडला: निर्बंध वरून लादले की अधिकाऱ्यांच्या हातात परवानग्या येतात आणि गावकऱ्याला साध्या गोष्टीसाठी हेलपाटे. म्हणून २०११च्या त्यांच्या समितीच्या अहवालात क्षेत्रवारीचा अंतिम शब्द ग्रामसभांशी बोलून ठरवावा असं आहे. त्या अहवालावर लोक जितके भांडले, त्यातल्या कितींनी हे वाचलं होतं कोण जाणे. मला तो मॅकहार्गपेक्षा एक पाऊल पुढचा वाटतो. थर तोच, पण कागद कुणी धरायचा हे त्यात विचारलंय.

म्हणजे मॅकहार्ग अभ्यासक्रमातून काढा असं मी म्हणत नाही. उलट एका मार्कातून बाहेर काढून पूर्ण वाचायला लावा, आणि गेडिससारखं गल्ल्यांतून पायी फिरवून आणल्यावर लावा.

दिवाळीत घरी हे सगळं पप्पांना सांगितलं. लॅपटॉपवर पूररेषेचा नकाशा उघडून आपलं घर दाखवलं.

ते म्हणाले, "हे तेव्हा बघितलं असतं तर घेतलंच नसतं. पण मग राहिलो कुठं असतो?"

मला उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू हे शिकून आलास की ही निळी रेघ तू मारणार काय?"

"मारावी लागेल कदाचित."

"मग आधी येऊन सांग. आईला भांडी वर ठेवायला वेळ लागतो."

अर्जासोबत पाचशे शब्दांत 'हाच विषय का' ते लिहायचं आहे. दोन मसुदे झालेत. पहिल्यात मॅकहार्ग जास्त आहे, दुसऱ्यात फडताळ.