पाढे गायले म्हणजे गाणे शिकवले काय?

हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला आणि सात बुद्धिमत्तांत सांगीतिक बुद्धिमत्तेला स्वतंत्र जागा दिली. गाण्याचा तास म्हणजे फावला वेळ, ही समजूत त्यामुळे ढिली झाली. हे श्रेय मान्य करूनही शाळेतील त्याच्या वापराविषयी आम्हांला दोन आक्षेप नोंदवायचे आहेत.

पहिला आक्षेप पद्धतीविषयी. पाढे चालीवर म्हणवून घेतले, चित्रकलेच्या तासाला ध्वनिफीत लावली, की सांगीतिक बुद्धिमत्तेला वाव दिला असे समजले जाते. चालीमुळे पाढे लक्षात राहतीलही. पण षड्ज कोठे लागला, पंचम कोठे उतरला, हे मुलाला त्यातून कळत नाही. दुसरे काम चालू असताना मागे संगीत वाजवणे म्हणजे आपला सिद्धान्त वापरणे नव्हे, असे खुद्द गार्डनर यांनीच १९९५ मध्ये बजावले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘हिच्यात सांगीतिक बुद्धिमत्ता आहे, त्याच्यात नाही’ अशी वर्गवारी झाली की तो मुलगा समूहगीतात नुसते ओठ हलवू लागतो. या बुद्धिमत्ता परस्परांपासून स्वतंत्र आहेत, याला प्रयोगांचा भक्कम आधार नाही. वेगवेगळ्या क्षमतांच्या चाचण्यांतील गुण बहुधा एकमेकांशी निगडित आढळतात. जन्मतःच स्वरांतील फरक न कळणारी माणसे असतात, पण फार थोडी. बाकीच्यांचा कान सरावाने तयार होतो.

आपल्या भागाला हे नवे नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढले, ते गाणे सर्वसामान्यांना खुले व्हावे म्हणून. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचे बावीस श्रुतींवरील पुस्तक १९१० चे. त्यांच्या श्रुतिसंशोधनाला अब्दुल करीम खाँसाहेबांनी साथ दिली. म्हणजे स्वर गाऊन, ऐकून आणि मोजून समजून घ्यायचा असतो.

तेव्हा सातारा असो वा सांगली, वर्गात मिरजेचा एक तंबोरा आणावा. तार निम्म्यावर दाबली की वरचा षड्ज, दोन-तृतीयांश लांबी ठेवली की पंचम. घोडीवरचा दोरा सरकवून आवाज कसा बदलतो ते ऐकवावे. मग प्रत्येक मुलाला षड्ज लावू द्यावा. कोणाची बुद्धिमत्ता कोणती, हे ठरवण्याची घाई शिक्षकांनी करू नये.